माझ्या तोंडचा कारखाना

२६ नोव्हेंबर २०१८, सोमवार

तारीख मंदाकिनीबाईंनी घातली. मला विचाराल तर तुळशीची लग्नं उरकली आणि पहाटे गारठा पडायला लागला, एवढं पुरे आहे.

मी तुळजाबाई. पाटी-पेन्सिल कधी हातात धरली नाही, त्यामुळे मी बोलते आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या मंदाकिनीबाई लिहितात. त्यांचा जन्म नारायण पेठेत, सगळी हयात शाळेत शिकवण्यात गेली आणि म्हातारपणी आल्या आमच्या आंबेगावात. हवा चांगली आहे म्हणून आल्या म्हणे. हवा चांगली होती तेव्हा इथं आमची मेथी होती, आता त्यांची बिल्डिंग आहे. हेही लिहा म्हटलं, तर लिहिलं. बाई सरळ आहे.

मी 'हाय' म्हटलं की त्या 'आहे' लिहितात. भांडून पाहिलं, सोडून दिलं. मात्र एक अट त्यांनी स्वतःवरच घालून घेतली. म्हणाल्या, "परीक्षेला आंधळ्या मुलाशेजारी लेखनिक बसतो. मुलगा सांगेल तसं लिहायचं. उत्तर चुकतंय हे दिसलं तरी भुवईसुद्धा हलवायची नाही. मी तशी बसेन आणि बाहेर कुठं बोलणार नाही." मी म्हटलं, "मी काही चुकायची नाही, तुम्ही भुवई सांभाळा."

हे लिहिणं सुरू करायला कारण सुनीती. आमची भाकरीची कंपनी आहे. कॉलेजच्या पोरांना मी भाकऱ्या थापून द्यायचे, त्याची माझ्या नातवानं, सर्जेरावानं, शिकूनसवरून कंपनी केली. आमच्या बायकांनी थापलेली भाकरी पाकिटात बसून हिंजवडीच्या कॅन्टीनांत जाते. पाकिटावर माझा फोटो आहे, त्यातलं नाक दुसऱ्याच कुणा बाईचं आहे. सर्जानं आता ही सुनीती नोकरीला ठेवली. समोरच्या कंपनीची माहिती काढायची, ती भिंतीवर रंगीबेरंगी दाखवायची, मग सर्जा ठरवणार आपण काय करायचं. समोरचे म्हणजे येरवड्याचे. त्यांचीही भाकरीच. 'येरवड्याचे' म्हटलं की आमच्या गावातली जुनी माणसं वेगळंच समजतात, पण यांचा तिथं कारखाना आहे.

दर सोमवारी मीटिंग असते. मला खुर्ची असते, चहा असतो, मत विचारत नाहीत. आज सुनीती म्हणाली, "आजी, जे नोंदलं नाही ते घडलंच नाही असं धरायचं." म्हटलं मग माझं अर्धं आयुष्य घडलंच नाही. तेव्हापासून मनात घेतलं, की आपणही नोंदायचं.

आणखी एक. कारखाना ज्यावर उभा आहे ती ओढ्याकाठची जागा आमच्या रानातला उरलेला शेवटचा तुकडा, आणि तो माझ्या नावावर आहे. एक बिल्डर सारखा मागतो. सर्जा आजवर नाही म्हणत आला. आज पहिल्यांदा "बघू" म्हणाला. ते 'बघू' मला आवडलं नाही.

२९ नोव्हेंबर

धनकवडीला गुडघ्यांच्या शेकाला गेले. दोन म्हाताऱ्या शेजारी शेजारी पाय पसरून बसतात, गुडघ्यांवर गरम पट्टे बांधतात, आणि पोरगी सांगते हलू नका. हलायचं नाही म्हटल्यावर बोलायचंच राहतं.

शेजारी आनंदीबाई म्हणून होत्या. स्वच्छ बाई, बोलायला गोड. बोलता बोलता म्हणाल्या, "आपल्याकडे कुणी लग्नाचं आहे का हो? माझ्या भावाची मुलगी आहे. एम.कॉम. झालीय."

आता स्थळाचं बोलणं निघाल्यावर मी काय गप्प बसते? त्याची एक रीत असते. मुलाकडच्यांनी वाढवून सांगायचं आणि मुलीकडच्यांनी मनातल्या मनात कापून घ्यायचं. दोन खोल्या असतील तर चार सांगायच्या, म्हणजे ते दोन धरतात आणि जमतं. दोन आहेत म्हणून दोनच सांगितल्या, तर त्यांच्या हिशेबात आपण एका खोलीत राहतो. याला कुणी खोटं म्हणत नाही.

तर मी सर्जाची उंची जरा वाढवली. मग त्या म्हणाल्या, "धंदा कसा काय?" मी म्हटलं, "आता मोठा करतोय. नवा कारखाना टाकतोय." "कुठं हो?" खिडकीतून एस.टी. चालली होती, कंडक्टर 'शिरवळ, शिरवळ' ओरडत होता. म्हटलं, "शिरवळला." "एवढ्या लांब?" मग लांब जाण्याला काही कारण लागतं. म्हटलं, "भाकरी बर्फात घालून अमेरिकेला जाणार. यंत्र जपानहून येतंय." जपान का सुचलं तर डॉक्टर सकाळी त्यांच्या एसीचं कौतुक करत होते, जपानचा आहे म्हणून.

मीही विचारलं, सोडलं नाही. भावाचं नाव श्यामसुंदर. खाण्यापिण्याच्याच धंद्यात आहे, येरवड्याला असतो. मी म्हटलं, "तिथं कशापायी टाकलं त्यांना?" तर आनंदीबाई पट्टे सुटेपर्यंत हसल्या. "अहो, भिंतीच्या बाहेर असतो!"

बाई छान आहे. सर्जाला सांगितलं नाही. लग्नाचं नाव काढलं की तो फोन कानाला लावतो, समोर कुणी नसलं तरी.

मंदाकिनीबाई, भुवई.

४ डिसेंबर

पुन्हा शेक. आनंदीबाईंनी खोदून खोदून विचारलं. कारखाना किती मोठा, कधी सुरू होणार. ही चांगली खूण आहे. ज्यांना मुलगी द्यायची नसते ते एवढं विचारत नाहीत. मी म्हटलं दोन मजली, उन्हाळ्यात नारळ फुटेल. त्या म्हणाल्या, "भावाला सगळं सांगितलं मी. त्यांना फार आवडलं." मुलीचा फोटो दाखवला. डोळे हुशार आहेत.

१० डिसेंबर, सोमवार

आज मीटिंगमध्ये मोठीच बातमी निघाली. हे नीट लिहा.

सुनीतीनं भिंतीवर तीन लाल ठिपके दाखवले. एक, येरवड्याच्यांनी शिरवळला जमीन बघितली, तिथल्या एजंटानं सांगितलं. दोन, त्यांनी जाहिरात दिली, गोठवलेला माल परदेशी पाठवायची माहिती असलेला माणूस पाहिजे. तीन, भोसरीच्या यंत्रवाल्याकडे त्यांनी जपानच्या गोठवायच्या यंत्राची चौकशी केली.

सर्जा उठून उभा राहिला. "तीन वेगळ्या ठिकाणांहून एकच गोष्ट. त्यांना अमेरिकेची ऑर्डर लागलीय."

सुनीती म्हणाली, "सर, ऑर्डर मला कुठंच दिसली नाही. फक्त प्रिपरेशन दिसतंय."

"तयारी उगाच कोण करतं? आपण हातावर हात ठेवून बसलो तर वर्षभरात संपलो." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आपणही शिरवळला जायचं. त्यांच्या आधी. इथली जागा द्यावी लागेल."

 जागा द्यायची म्हणजे कारखाना गेला आणि बायकाही गेल्या. आंबेगावच्या बायका रोज शिरवळला कशा जातील?

तरी एक गंमत सांगते. मी शेकाला बसून उगीच जे बोलले, तसंच जगात चाललंय! शिरवळ काय, जपान काय. माझ्या जिभेवर सरस्वती बसली होती त्या दिवशी. सर्जाच्या कॉम्प्युटरला आठवडे लागले, मला नुसती एस.टी. दिसली आणि कळलं.

का हो मंदाकिनीबाई, पेन का थांबलं? लिहा की.

"लिहिते."

चेहरा का उतरला?

"काही नाही. लेखनिक आहे मी."

१३ डिसेंबर

बिल्डरची माणसं मोजायच्या फिती घेऊन आली. कारखान्याच्या भोवतीनं चुन्याच्या रेघा मारल्या. एक रेघ तव्यांच्या खोलीच्या दारातून गेली. बायका थापायच्या थांबल्या नाहीत, पण सगळ्यांच्या माना दाराकडे.

सोजरबाई माझ्याबरोबरची पहिली बाई, तिचं बोलणं तिचंच ठेवा, दुरुस्त करू नका. म्हणाली, "आत्या, ह्ये काय मांडलंय? आमी कुटं जायाचं?"

मी म्हटलं, "सर्जा बघतोय सगळं."

"त्यो बगतोय त्येच तर भ्या वाटतंय."

मी हसले. तिला हसू आलं नाही.

रात्री सर्जाला म्हटलं, अंगठा माझा आहे. तो म्हणाला, "आजी, तू नाही म्हणालीस तर मी थांबेन. पण कंपनी बुडाली तर मला म्हणू नको." आता सांगा. नुसतं नाही म्हणाले तर मी जागेला चिकटलेली अडाणी म्हातारी. आणि उद्या येरवड्याच्यांनी खरंच गिळलं तर सोजरबाईला काय, आज नाही तर उद्या घरीच बसायचं.

१७ डिसेंबर, सोमवार

विसारपत्र अठ्ठावीस तारखेला. पौष लागायच्या आत करायचं ठरलं. सर्जाला पौषाचं काही नसतं, बिल्डरला असतं.

मीटिंगमध्ये सुनीतीनं आणखी एक ठिपका दाखवला. येरवड्याचे उन्हाळ्यात सुरू करणार. सर्जा म्हणाला, "बघा, तारीखसुद्धा ठरली."

एवढं सांगून मी म्हटलं, झालं आजचं. तर मंदाकिनीबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि बसूनच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुळजाबाई, चाळीस वर्षांत मी कधी परीक्षेत उत्तर सांगितलं नाही."

म्हटलं, बरं मग?

"उन्हाळा हा शब्द तुम्ही कुणापाशी बोललात?"

मी म्हटलं आनंदीबाईंपाशी.

"आनंदीबाईंचा भाऊ कुठं असतो? कसल्या धंद्यात आहे?"

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

  मंदाकिनीबाईंनी गूळ-पाणी दिलं. त्यांच्या घरचा गूळसुद्धा मोजून मापून, पण आज मोठा खडा दिला.

म्हणजे येरवड्याचे धावतायत माझ्या बोलण्यामागं, आणि सर्जा धावतोय त्यांच्या मागं. सगळी पळापळ एका म्हातारीच्या गुडघ्यापासून सुरू झाली. आणि त्या श्यामसुंदरानं कापून कसं घेतलं नाही? स्थळाचं बोलणं कुणी जसंच्या तसं घेतं का?

१८ डिसेंबर

सर्जाला सांगितलं. सुनीतीही होती. सगळं सांगितलं, उंचीसुद्धा.

सर्जानं हातातला फोन खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "आजी, तुला जागा द्यायची नाही ना? तसं सरळ सांग. ही गोष्ट कशाला रचतेस?"

त्यानं माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, आजही नाही चढवला. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "अरे, तुझ्या लग्नासाठी बोलले."

"माझ्या लग्नासाठी अमेरिकेला भाकरी?"

"मग तुझ्या तोंडाकडे बघून कुणी देणारय का?"

सुनीतीनं मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "आजी, जपान कुठून आलं?" मी एसीचं सांगितलं. ती सर्जाला म्हणाली, "सर, हे खरं असेल तर आपले चारही सिग्नल एकाच सोर्सचे आहेत. म्हणजे चार नाहीतच, एक आहे. मी चार मोजले. माझी चूक."

"खरं असेल तर," सर्जा म्हणाला. "कोण सांगणार खरं आहे म्हणून? एजंट खोटा, जाहिरात खोटी, आणि आजी तेवढी खरी? अठ्ठावीसला विसार आहे. तोवर काय ते दाखवा मला."

मी म्हटलं, "मी आणखी एक थाप मारते. भिंतीवर उमटली तर मी खरी."

सुनीती म्हणाली, "आजी, हे बरोबर नाही. एथिकली."

"पोरी, माझ्या कारखान्याच्या दारात चुना पडलाय. बरोबर काय ते पौषात बघू."

२० डिसेंबर

शेकाला गेले. गुडघ्यापेक्षा छातीच जास्त ठणकत होती. आनंदीबाईंनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. डब्यात मेथीचे लाडू. "थंडीत गुडघ्यांना चांगले," म्हणाल्या. मी लाडू खाल्ला आणि थाप मारली.

थाप अशी पाहिजे होती, की दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणारच नाही. मी म्हटलं, "अमेरिकेच्या भाकरीला नाव ठरलं. चंद्री." त्या म्हणाल्या, "अय्या, गोड आहे! चंद्रासारखी गोल म्हणून?" मी म्हटलं, "हो तर. पण अजून नोंदवलेलं नाही हो, कुणाला बोलू नका."

चंद्री आमची म्हैस होती. लाथाळ. तिनं माझ्या सासऱ्याचा गुडघा फोडला होता.

आनंदीबाईंनी निघताना माझ्या पाठीवर हात ठेवला. तो अजून तिथंच आहे असं वाटतं.

२४ डिसेंबर, सोमवार

काही नाही. सुनीती नाव नोंदवायची सरकारी साइट सकाळ-संध्याकाळ उघडते. चंद्रमुखी साबण आहे, चंद्रिका आहे, चंद्री नाही.

सर्जा म्हणाला, "आजी, पुरे आता."

बिल्डरनं पेढे पाठवले. विसाराच्या आधीच. मी डबा उघडला नाही. सोजरबाईची सून पाळणाघर शोधतेय, दुसरं काम लागलं तर लांब असेल म्हणून. मी तव्यांच्या खोलीत जायचं टाळते. बायका काही विचारत नाहीत. मी आत आले की भाकऱ्यांचा थपथप आवाज मोठा होतो.

२६ डिसेंबर

काही नाही. कदाचित आनंदीबाई खरंच कुणाला बोलल्या नाहीत. मी बोलू नका म्हटलं आणि त्यांनी ऐकलं! असं कोण करतं?

मंदाकिनीबाईंना म्हटलं, परवा अंगठा द्यायचा नाही असं ठरवलं तर? त्या म्हणाल्या, "अंगठा तुमचा आहे." म्हटलं, आज लेखनिक नका होऊ. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मग सांगते. देऊ नका. पण तो तुम्हाला माफ करणार नाही, हेही मीच सांगते."

२७ डिसेंबर

दुपारी सुनीती धावत वर आली. लिफ्ट बंद होती, तिला धाप लागली होती. फोन माझ्यापुढं धरला. मला कसलं वाचता येतंय? मी म्हटलं, "तोंडानं सांग!"

"चंद्री! आजी, चंद्री! काल ॲप्लिकेशन केलंय. फ्रोझन भाकरी. येरवडा!"

म्हणजे आनंदीबाई बोलल्याच. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. सर्जाला दाखवलं. त्यानं फोन हातात घेतला, वाचला, परत वाचला. मग मला विचारलं, "ही चंद्री कोण गं?"

म्हटलं, "म्हैस."

तो हसला नाही. माझ्या पायाशी बसला आणि माझ्या गुडघ्याला बांधलेला पट्टा उगीच नीट करायला लागला. वाकडा नव्हता.

२८ डिसेंबर

वकिलाकडे गेलो. सर्जानं बिल्डरला सांगितलं, जागा द्यायची नाही. बिल्डरनं माझ्याकडे बोट दाखवलं, "म्हातारीनं अडवलं ना?" सर्जा म्हणाला, "आजीनं सांगितलं, मी ठरवलं." पेढ्यांचा डबा परत केला.

इथपर्यंत छान. गाडीत बसल्यावर सर्जा गुणगुणायला लागला. म्हणाला, "आजी, आता तू शेकाला जात राहा. रोज जा. सांग, आपण दोन कारखाने काढतोय. सांग, दुबईसुद्धा घेतली. तो श्यामसुंदर खड्डा खणतोय, आपण फक्त काठावर उभं राहायचं."

सुनीती पुढच्या सीटवरून म्हणाली, "मी हे भिंतीवरच्या डॅशबोर्डवर घेणार नाही."

मी म्हटलं, "आणि मुलगी?"

"कुठली मुलगी?"

"आनंदीबाईंच्या भावाची. डोळे हुशार आहेत तिचे."

"आजी, मुलगीबिलगी काही नसेल. माहिती काढायला पाठवलं असेल त्यांनी त्या बाईला."

 लाडू कुणी माहितीसाठी करतं का? करतही असतील. मला आता काहीच कळेनासं झालंय.

२ जानेवारी २०१९

आज आनंदीबाईंना सगळं सांगितलं. सर्जाला न विचारता.

पट्टे बांधून झाल्यावर म्हटलं, "आनंदीबाई, शिरवळला आमचा कारखाना नाही. अमेरिका नाही, जपान नाही. चंद्री आमची म्हैस होती. मी स्थळाच्या बोलण्यात वाढवून सांगितलं आणि शेवटचं तर मुद्दाम सांगितलं. तुमच्या भावाला म्हणावं, थांबा."

त्या हलल्या नाहीत. हलायची मनाईच होती. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मी चौकशी करत होते हो. खरंच मुलीसाठी. जेवताना भावाला सांगितलं, मुलाचं असं असं आहे. त्यानं मुलाचं काही विचारलंच नाही. कारखान्याचंच विचारत बसला. मला वाटलं, बापाचं मन, मुलगी कुठं पडते ते बघतोय."

मी म्हटलं, "पण कापून का घेतलं नाही त्यांनी?"

"मी घेतलं होतं ना! तुम्ही दोन मजली म्हणालात, मी एकच सांगितला."

आम्ही दोघी हसलो, आणि मग एकाच वेळी थांबलो. निघताना त्या म्हणाल्या, "सांगते त्याला आजच." पाठीवर हात ठेवला नाही.

७ जानेवारी, सोमवार

आज मीटिंगला मी लवकर जाऊन बसले.

सुनीतीनं भिंतीवर एकच ठिपका दाखवला. येरवड्याच्यांनी शिरवळच्या जमिनीचा दस्त केला. चार तारखेला, घाईघाईनं, पौष लागायच्या आत. यंत्राचे पैसेही भरले.

मी म्हटलं, "असं कसं? मी तर खरं सांगितलं त्यांना!"

सर्जानं टाळी वाजवली. "आजी! काय चाल खेळलीस! 'आमचा कारखाना नाही' म्हटल्यावर त्याला वाटलं, आपण त्याला थांबवायला बघतोय. म्हणजे नक्कीच मोठं काहीतरी आहे. मला सुचलं नसतं हे."

"चाल नव्हती. खरं सांगितलं मी."

"हो हो," म्हणाला आणि डोळा मारला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी पहिल्यांदाच वाजवल्या या खोलीत, आणि कशासाठी वाजवल्या बघा. आनंदीबाईंनी सांगितलं असेल, जीव तोडून सांगितलं असेल. त्यांचाही भाऊ असाच हसला असेल.

टाळ्या थांबल्यावर सुनीती म्हणाली, "सर, पुढचं बोलायचं का?"

"बोल ना."

"एवढं यंत्र घेतलं की ते चालवावं लागतं. अमेरिकेची ऑर्डर नाहीये. मग तो एवढी भाकरी कुठं विकणार?"

"कुठं?" सर्जानं विचारलं.

"हिंजवडीत," सुनीती म्हणाली. "आपल्याच कॅन्टीनांत. स्वस्तात. उन्हाळ्यानंतर."

सर्जाचं हसू हळूहळू गेलं. मी बघत होते, आधी डोळ्यांतलं गेलं, मग ओठांवरचं. मग तो आणि बाकी सगळे माझ्याकडे वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कुणी मत विचारलं. "आजी, आता?"

मी म्हटलं, "आता माझ्या बोलण्यावर काही ठरवायचं नाही, एवढंच माझं मत." आणि उठले.

जिना उतरून तव्यांच्या खोलीत गेले. दारातली चुन्याची रेघ बायकांच्या पायांनी पुसत आली होती. सोजरबाईनं वर बघितलं.

"आत्या, जागा ऱ्हायली न्हवं?"

"राहिली."

"मंग तोंड का असं?"

मी तिच्या शेजारी पाट ओढून बसले. म्हटलं, "उन्हाळ्यानंतर अवघड आहे. समोरचे आपली कॅन्टीनं घ्यायला येतील, आणि त्यांना मोठं मी केलंय. सगळ्यांचं काम टिकेल असं मला आज सांगता येत नाही."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "बरं," आणि पिठाचा एक गोळा माझ्यापुढं सरकवला.

आम्ही थापायला लागलो.